लाईट येते आणि पडदा १०२४ × ७६८ वर अडकतो: रास्पबेरी पाय आणि मॉनिटरमधला एडिडचा घोळ

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. अभ्यासिकेत, दवाखान्याच्या वेटिंगमध्ये किंवा क्लासच्या काउंटरमागे टीव्हीला रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर लावलेला आहे, सकाळपासून नोटीस नीट दिसते आहे. दुपारी लाईट जाते, थोड्या वेळानं येते, आणि फोन वाजतो: "भाऊ, टीव्हीवर अक्षरं मोठी मोठी दिसून राह्यली, खालची अर्धी नोटीस गायबच झाली." कधी पडदा नुसता काळा, पायचा हिरवा दिवा मात्र लुकलुकतोय. पाय बंद करून पुन्हा चालू केला की सगळं ठीक. पुढच्या वेळी लाईट गेली की परत तेच. नागपुरात मे-जूनच्या वादळी संध्याकाळी सुरू झाल्या की या फोनांचा हंगामही सुरू होतो.

यावर लोक आधी स्क्रीन कॉन्फिगरेशनमध्ये शिरतात. तिथल्या यादीत १९२० × १०८० नसतंच. मग नेटवरून कुठली तरी ओळ उचलून कॉन्फिग फाइलमध्ये चिकटवली जाते आणि ती चालली नाही की दुसरी. माझं म्हणणं एवढंच की यादी लहान का झाली ते आधी शोधा. ती यादी पाय स्वतः तयार करत नाही, मॉनिटर त्याला एडिड नावाच्या माहितीतून देतो. मॉनिटरकडून आली नाही तर पाय अंदाजानं काहीतरी दाखवतो, आणि आपण त्या अंदाजाशी भांडत बसतो.

एक व्यवहाराची गोष्ट आधीच सांगतो. खालच्या आज्ञा आणि फाइलींची नावं देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना आकड्यांसकट सगळं इंग्रजीत टाका. एचडीएमआय-ए-१ मधली अक्षरं मोठ्या लिपीतली. व्हिडिओच्या ओळीत उंची-रुंदीमधला एक्स लहान, रिझोल्यूशनला चिकटलेला एम आणि शेवटचा डी मोठा. हेक्सडंपच्या पुढचा सीही मोठा. बाकी सगळं लहान लिपीत.

दोघांमध्ये बोलणं कसं होतं

एचडीएमआयच्या प्लगमध्ये १९ पिना असतात. चित्र नेणाऱ्या तारा वेगळ्या. आपलं काम शेवटच्या चार-पाच पिनांशी आहे. १८ नंबरच्या पिनेवर पाय मॉनिटरला ५ व्होल्ट देतो. मॉनिटर तेच व्होल्टेज १९ नंबरवरून परत पाठवतो, त्याला हॉटप्लग म्हणतात. "मी इथे आहे" एवढाच त्याचा अर्थ. मग १५ आणि १६ नंबरच्या दोन तारांवर, म्हणजे डीडीसीवर, पाय मॉनिटरच्या आतली छोटी मेमरी वाचतो. या मेमरीत एडिड नावाची माहिती असते: कोणती कंपनी, कधी बनवला, कोणते मोड चालतात, त्यातला मॉनिटरच्या पसंतीचा कोणता, आवाज घेता येतो का. व्हेसा या संस्थेनं १९९४ मध्ये हा प्रकार आणला आणि तेव्हाचा १२८ बाइटचा मूळ तुकडा आजही तसाच वापरात आहे. एचडीएमआय मॉनिटर आणि टीव्हीमध्ये बहुधा आणखी १२८ बाइट जोडलेले असतात, आवाजाची आणि टीव्हीच्या मोडची माहिती त्यात.

या मेमरीला वीज लागते ती पायच्या त्या ५ व्होल्टवरून मिळते. म्हणून मॉनिटर स्विचवरून बंद असला तरी एडिड वाचता यायला हवं, मूळ रचना तशीच आहे. गडबड होते ती टीव्हीत आणि बऱ्याच नव्या मॉनिटरमध्ये, कारण त्यांत वेगळी मेमरी चिप नसते. एडिडचं उत्तर मुख्य चिपच देते. ती चिप जागी होईपर्यंत उत्तर द्यायला कुणी नाही.

लाईट आल्यावरचा घोळ इथेच आहे. पाय आणि टीव्ही एकाच क्षणी चालू होतात. पाय काही सेकंदांत कर्नलपर्यंत, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यापर्यंत, पोचतो आणि एडिड मागतो. स्मार्ट टीव्ही तेव्हा स्वतःचा लोगोच दाखवत असतो. उत्तर येत नाही. कर्नल पुन्हा विचारतो, तरी नाही. मग तो अंदाजानं एक मोड धरतो आणि पुढे जातो. नंतर टीव्ही तयार झाला की त्यानं हॉटप्लगची तार किमान १०० मिलिसेकंद खाली ओढून "आता पुन्हा वाच" असं कळवायला हवं, एचडीएमआयचा नियम तसा आहे. सगळे टीव्ही ते करतातच असं नाही. आणि केलं तरी पूर्ण पडद्यावर उघडलेला ब्राउझर नवा आकार घेईलच याची खात्री नाही.

हाच पाय दुपारी तुम्ही बंद-चालू करता तेव्हा टीव्ही आधीच जागा असतो, म्हणून सगळं जागेवर येतं. दोष पायचा नाही की टीव्हीचा नाही, वेळेचा आहे.

१०२४ × ७६८ हा आकडाच पुरावा आहे

लिनक्सचा नियम असा आहे की मॉनिटर जोडलेला आहे हे कळलं पण एडिड मिळालं नाही, तर १०२४ × ७६८ पर्यंतचे नेहमीचे मोड यादीत टाकायचे, त्यावरचे नाही. म्हणून १०८० च्या मॉनिटरवर यादी नेमकी १०२४ × ७६८ ला संपत असेल तर सेटिंग चाळण्यात अर्थ नाही. एडिड वाचलं गेलेलं नाही. पडदा पूर्ण काळा आणि पाय मात्र चालू असेल तर बहुधा हॉटप्लगच दिसलेलं नाही, म्हणजे पायच्या मते तिथे मॉनिटरच नाही.

खात्री करायची तर त्याच वाईट अवस्थेत असताना, पाय बंद न करता, दुसऱ्या कॉम्प्युटरवरून एसएसएचनं (नेटवर्कवरून) आत जा आणि हे टाका:

कॅट /सिस/क्लास/डीआरएम/कार्ड*-एचडीएमआय-ए-१/स्टेटस

कॅट /सिस/क्लास/डीआरएम/कार्ड*-एचडीएमआय-ए-१/एडिड | डब्ल्यूसी -सी

पायच्या दुसऱ्या पोर्टला जोडलं असेल तर शेवटी १ ऐवजी २. पाय ४ वर वीजेच्या सॉकेटजवळचं पोर्ट पहिलं. दुसऱ्या आज्ञेऐवजी एलएस वापरू नका, ती या फाइलीचा आकार नेहमी शून्यच सांगते आणि माणूस उगाच वाट चुकतो.

पहिलीचं उत्तर डिसकनेक्टेड आलं तर हॉटप्लग पोचत नाही. कनेक्टेड आहे पण बाइट शून्य, तर डीडीसी. कनेक्टेड आणि बाइट १२८ किंवा २५६, तरी मोड चुकीचा, तर एडिड आलंय पण त्यात लिहिलेलं खोटं आहे किंवा मधलं कुणीतरी फसवतंय. निदान या तीन रस्त्यांपैकी एकावर येतं. त्यातला मधला रस्ता सर्वात गर्दीचा.

हॉटप्लगच नाही

हे लवकर उरकतं. पाय ४ आणि ५ वर मायक्रो एचडीएमआय आहे आणि ते सॉकेट नाजूक. जाड केबलचं वजन त्यावर लटकत असेल तर प्लग किंचित तिरका होतो, चित्राच्या तारा जुळतात आणि १९ नंबर सुटतो. केबलला भिंतीवर टाय मारा, म्हणजे वजन प्लगवर येणार नाही. आखूड, मऊ केबल घ्या. मायक्रोतून मोठ्या एचडीएमआयचा ठोकळा आणि त्यात लांब केबल ही जोडणी मला तरी कधी भरवशाची वाटली नाही.

टीव्ही दुसऱ्या इनपुटवर गेला असेल तर काही टीव्ही हॉटप्लग सोडून देतात. लाईट आल्यावर टीव्ही सेट टॉप बॉक्सच्या इनपुटवर उठत असेल तर टीव्हीच्या मेनूत सुरुवातीचा इनपुट ठरवायची सोय आहे का ते पाहा.

हॉटप्लग आहे, एडिड शून्य

नेहमी लाईट आल्यावरच होत असेल तर वर सांगितलेलं वेळेचं कारण. अधूनमधून, विनाकारण होत असेल तर तार, कन्व्हर्टर किंवा वीज.

डीमेसेग ही आज्ञा कर्नलचे संदेश दाखवते, त्यात एडिड हा शब्द शोधा. चेकसम चुकल्याचा संदेश दिसला तर माहिती आली पण वाटेत खराब झाली. १२८ बाइटच्या प्रत्येक तुकड्याची बेरीज २५६ नं पूर्ण भागली गेली पाहिजे, शेवटचा बाइट त्यासाठीच राखून ठेवलेला असतो. मूळ तुकड्यात एक बिट इकडचं तिकडे झालं तरी कर्नल तो टाकून देतो. सुरुवातीच्या आठ बाइटच्या खुणेबाबत मात्र तो थोडा उदार आहे: आठपैकी सहा जुळले तर बाकीचे स्वतःच दुरुस्त करून घेतो. चेकसमची तक्रार वारंवार दिसत असेल तर केबल बदला, दुसरं काही शोधू नका.

जुन्या शाळेच्या किंवा अभ्यासिकेच्या मॉनिटरला व्हीजीए असतं आणि मध्ये एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर. इथे दोन ठिकाणी फसवणूक होते. व्हीजीएच्या प्लगमध्ये पाच-पाचच्या तीन रांगा असतात. डीडीसीच्या तारा तिसऱ्या रांगेत, १२ आणि १५ नंबरवर, म्हणजे रांगेतली दुसरी आणि शेवटची पिन. स्वस्त केबलमध्ये या पिना नसतातच, किंवा असतात पण आत तार जोडलेली नसते. नागपुरात बर्डीच्या बाजारात, मोदी नंबरच्या गल्ल्यांत केबल घेताना पाकिटातून काढून प्लग समोरून बघा. मधल्या रांगेत एखादी पिन नसणं चालतं, ९ नंबर पुष्कळ केबलमध्ये नसते. तिसऱ्या रांगेतल्या या दोन मात्र हव्यातच. दुकानदार म्हणेल, "काही फरक पडत नाही जी, चित्र येते ना." चित्र येतं, यादी येत नाही.

दुसरी फसवणूक कन्व्हर्टरची. तो पायच्या १८ नंबरच्या ५ व्होल्टवर चालतो, आणि ही पिन मोठा भार उचलायला बनलेली नाही. एचडीएमआयच्या नियमात तिथून किमान ५५ मिलिअँपिअर मिळायला हवेत एवढंच आहे, कन्व्हर्टरला त्याहून जास्त लागू शकतं. त्यात पायचा अडॅप्टर मोबाइलचा असेल तर व्होल्टेज आणखी पडतं. व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड ही आज्ञा टाका. उत्तर ०एक्स० आलं तर वीज ठीक आहे. ०एक्स५०००० सारखं काही आलं तर मध्यंतरी व्होल्टेज घसरलं होतं. अडॅप्टर बदला, आणि कन्व्हर्टर घ्यायचा असेल तर वेगळी वीज देता येईल असा, बाजूला छोटं यूएसबी सॉकेट असलेला घ्या.

उन्हाळ्यातली एक खास नागपुरी भानगड: कूलर. मोटर किंवा पंप चालू-बंद होताना एकाच बोर्डवर लावलेला पडदा क्षणभर काळा होतो आणि परत येतो. कधी चुकीच्या मोडमध्ये परत येतो. मोटरच्या झटक्यानं हॉटप्लगच्या तारेवर खोटा इशारा उमटतो आणि पाय मॉनिटर काढून पुन्हा लावल्यासारखा वागतो. कूलरला वेगळा सॉकेट द्या. मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा कोरडाठाक झालेला असतो, त्यात पाणी घालायला सांगा. हे ऐकून लोक हसतात, पण घालतात.

एडिड आहे, तरी चित्र चुकीचं

इथे एडिड उघडून बघायला मजा येते. हेक्सडंप -सी नं फाइल पाहिली की सुरुवात नेहमी ०० एफएफ एफएफ एफएफ एफएफ एफएफ एफएफ ०० अशी. ही नसेल तर पुढे वाचू नका. त्यानंतरचे दोन बाइट कंपनीचे: प्रत्येक अक्षराला पाच बिट देऊन तीन अक्षरं दोन बाइटमध्ये कोंबलेली. १० एसी म्हणजे डेल, ४सी २डी म्हणजे सॅमसंग. १ई ६डी निघालं तर अक्षरं जीएसएम येतात आणि माणूस चक्रावतो. तो एलजी आहे, जुन्या गोल्डस्टार नावाची खूण. दुसऱ्या ओळीतला पहिला बाइट बहुधा आठवडा आणि दुसरा वर्ष, वर्षात १९९० मिळवायचे: १ई असेल तर ३०, म्हणजे २०२०.

चौथ्या ओळीतला सातवा बाइट महत्त्वाचा. तिथून मॉनिटरच्या पसंतीचा मोड सुरू होतो. ०२ ३ए दिसलं तर उलटं वाचा: ३ए०२, दशमानात १४८५०, म्हणजे १४८.५ मेगाहर्ट्झ, १०८० पी ६० हर्ट्झ. ६६ २१ दिसलं तर ८५.५ मेगाहर्ट्झ, बहुतेक १३६६ × ७६८. हाताने करायचा कंटाळा असेल तर एडिड-डीकोड हे पॅकेज टाका, ते सगळं सरळ लिहून देतं.

१३६६ च्या टीव्हीचं दुखणं वेगळं आहे. एडिडच्या छोट्या यादीत रुंदी ८ नं भागून लिहायची असते आणि १३६६ ला ८ नं पूर्ण भाग जात नाही. त्यामुळे हा मोड तिथे लिहिताच येत नाही. तो फक्त १८ बाइटच्या सविस्तर नोंदीत मावतो. जिथे ती नोंद नाही तिथे यादीत १३६० किंवा १३६८ दिसतं, आणि पडद्यावर अक्षरांच्या कडा धूसर. डोळ्यांना दोष देऊ नका.

युनिव्हर्सल बोर्ड (कुठल्याही कंपनीच्या टीव्हीत बसणारा बोर्ड) टाकून दुरुस्त केलेल्या टीव्हीत एडिड बोर्डाचं असतं, पॅनेलचं नाही. पॅनेल १३६६ चं आणि एडिड सांगतं १०८०. चित्र येतं, पण बोर्ड ते दाबून बसवतो. अशा वेळी एडिडवर विश्वास न ठेवता पॅनेलच्या मागच्या स्टिकरवरचा नंबर शोधून खरं रिझोल्यूशन पाहावं. स्प्लिटर लावून दोन पडदे चालवत असाल तर एडिड स्प्लिटरचं किंवा त्याच्या पहिल्या पोर्टवरच्या पडद्याचं येतं. निदान करताना स्प्लिटर आधी काढा.

एडिड बरोबर, पॅनेल बरोबर, तरी यादीबाहेरचाच मोड लागतोय असं क्वचित होतं. पायचं फर्मवेअर कर्नलच्या आधी एडिड वाचतं आणि स्वतः एक मोड निवडून कर्नलला पुढे करतं. ही निवड कधी फसते. कॉन्फिग.टीएक्सटी मध्ये डिसेबल_एफडब्ल्यू_केएमएस_सेटअप=१ टाकलं की ते गप्प बसतं. टीव्हीवर फक्त कडा कापल्या जात असतील तर हे काहीच करू नका, टीव्हीच्या चित्र मेनूत 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' चालू करा.

कायमचा उपाय

आधी जे करू नये ते. नेटवर अजूनही एचडीएमआय_ग्रुप=२ आणि एचडीएमआय_मोड=८२ या ओळी फिरतात. पायच्या ओएसच्या बस्टर या आवृत्तीपर्यंत त्या चालायच्या. २०२१ च्या बुल्सआय आवृत्तीपासून पडद्याचा ताबा कर्नलमधल्या केएमएस चालकाकडे (ड्रायव्हरकडे) गेला आणि त्याला या ओळींशी काही देणंघेणं नाही. टीव्हीसर्व्हिस ही आज्ञाही तेव्हाच गेली. आता मोड बघायला केएमएसप्रिंट -एम.

मोड लादायचा असेल तर /बूट/फर्मवेअर/सीएमडीलाइन.टीएक्सटी मध्ये, आहे त्याच ओळीच्या शेवटी, एक जागा सोडून:

व्हिडिओ=एचडीएमआय-ए-१:१९२०×१०८०एम@६०डी

या फाइलीत एकच ओळ असते. नवी ओळ केली तर ती वाचलीच जात नाही. शेवटचा डी म्हणजे "मॉनिटर दिसो न दिसो, डिजिटल पोर्ट चालू ठेव". काळ्या पडद्याचा त्रास एवढ्यानं जातो. पण एक पेच राहतो. एडिडशिवाय पायला समोर एचडीएमआय आहे की डीव्हीआय हे कळत नाही, आणि डीव्हीआय समजून तो आवाज पाठवत नाही. नुसती नोटीस दाखवायची असेल तर चालेल. क्लासमध्ये व्हिडिओ दाखवायचे असतील तर पोरं ओरडतील.

म्हणून माझा कल एडिडची नक्कल पायमध्येच ठेवण्याकडे असतो. सगळं नीट चालू असताना, बाइट २५६ आहेत याची खात्री करून:

सुडो एमकेडीआयआर -पी /लिब/फर्मवेअर/एडिड

सुडो सीपी /सिस/क्लास/डीआरएम/कार्ड१-एचडीएमआय-ए-१/एडिड /लिब/फर्मवेअर/एडिड/टीव्ही.बिन

कार्डचा आकडा तुमच्याकडे ० असू शकतो, आधी बघून घ्या. मग सीएमडीलाइनच्या त्याच ओळीत:

डीआरएम.एडिड_फर्मवेअर=एचडीएमआय-ए-१:एडिड/टीव्ही.बिन व्हिडिओ=एचडीएमआय-ए-१:डी

आता लाईट आल्यावर टीव्ही झोपेत असला तरी पाय त्याला विचारत बसत नाही. स्वतःजवळची नक्कल वाचतो, १०८० लावतो, आवाजही पाठवतो. टीव्ही निवांत जागा झाला की चित्र तयार असतं. तपासायची पद्धत सोपी: टीव्हीचा प्लग काढून ठेवा, पाय चालू करा, केएमएसप्रिंटमध्ये १९२० × १०८० दिसतंय का बघा, मग टीव्ही लावा. डीमेसेगमध्ये ही फाइल सापडली नाही असा संदेश आला तर पायचा ग्राफिक्स चालक इनिटरामएफएसमधूनच, म्हणजे बूट होताना सर्वांत आधी उघडणाऱ्या फाइलींच्या गठ्ठ्यातूनच, लवकर सुरू होत असेल. फाइल त्यातही घालावी लागते.

मॉनिटर किंवा टीव्ही बदलला की ही नक्कल जुनी होते. नवा मॉनिटर लहान असेल तर पडद्यावर 'आउट ऑफ रेंज' आणि बाकी काही नाही, कारण पाय अजून जुन्या टीव्हीच्याच मोडवर चालतोय. तेव्हा घाबरून कार्ड नव्यानं लिहू नका. मेमरी कार्ड काढून कुठल्याही विंडोज कॉम्प्युटरला लावा, बूटचा भाग तिथे उघडतो. सीएमडीलाइन.टीएक्सटी नोटपॅडमध्ये उघडून वरचे दोन्ही शब्द काढा, सेव्ह करा, कार्ड परत घाला. मग नव्या मॉनिटरची नक्कल नव्यानं घ्या. टीव्हीच्या मागे चिठ्ठी चिकटवून त्यावर "पायमध्ये एडिड फाइल टाकली आहे" असं लिहून ठेवा, कारण टीव्ही बदलायला पुढच्या वेळी येणारा माणूस तुम्ही असालच असं नाही.